पुलापर्यंतची जागा

दुसऱ्याला क्षमा करणे अवघड आहे, असे जाणत्यांनी सांगून ठेवले आहे, आणि ते खरेच आहे. परंतु त्याहून अवघड असे एक कर्म आहे, त्याविषयी मात्र जाणते फारसे बोललेले नाहीत. ते म्हणजे न मागता मिळालेली क्षमा निमूटपणे पदरात घेणे. ज्याने स्वतः एक नियम घातला, तो वर्षानुवर्षे पाळला, आणि इतरांकडून पाळून घेताना कोणाच्या डोळ्यांकडे पाहिले नाही, त्याच्याच हातून एके सकाळी तो मोडावा, आणि ज्यांनी जाब विचारायचा त्यांनी चकार शब्द काढू नये, ही अवस्था शिक्षेहून बिकट. शिक्षा भोगून संपते. दया संपत नाही. ती घेऊन ठेवावी कोठे, हेच माणसाला कळत नाही.

दंतोपंतांना जाग आली ती गाडी थांबल्याच्या हिसक्याने. कपाळ खिडकीच्या काचेला टेकलेले होते आणि काचेपलीकडे शेवटच्या स्थानकाचे खांब उभे होते. पहिल्या क्षणी त्यांना वाटले, खांबच चुकून इकडे आले. आत्ता तर आपण बसलो, आत्ता तर दुसऱ्या स्थानकावरची ती बंद पडलेली गिरणी मागे गेली. मग मधला तासभर कोणी नेला? आणि मधला पूल? समोर माणसे दाराकडे सरकत होती, एकमेकांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकल्यासारखी, आणि त्या गर्दीत त्यांना एक पाठ दिसली. हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईंची ती पाठ होती. बाईंनी डावा हात मागे कमरेवर दाबून धरला होता. त्यांनी वळून पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही. उलट माणसे त्यांच्या गुडघ्यांना धक्का लागू नये अशा बेताने पाय उचलून जात होती, जसे पाळण्याजवळून जावे. ते जपणेच दंतोपंतांना चटका लावून गेले. कोणी खांद्याला धरून गदागदा हलवले असते, "काय राव, नियम फक्त आम्हालाच का?" असे म्हणून चार लोकांत हसले असते, तर त्यांनी हात जोडून ते हसणे माथी घेतले असते. लाउडस्पीकरवरची बाई रोजच्यासारखी गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करत होती, आणि एकसष्ट वर्षांचे दंतोपंत रिकाम्या होत चाललेल्या डब्यात आपली पिशवी छातीशी धरून बसून राहिले.

दंतोपंत हे काही त्यांचे नाव नव्हे. ते दातांच्या दवाखान्याच्या तळघरात कवळ्या बनवीत, आणि डब्यातल्या विमावाल्याने एकदा थट्टेत बहाल केलेली ही पदवी त्यांना इतकी चपखल बसली की खुद्द त्यांची पत्नी भांडण नसेल त्या दिवशी त्यांना त्याच नावाने हाक मारी. अकरा वर्षांपूर्वी रेल्वेने या फाट्यावरच्या गाडीचे सहा डब्यांचे चार डबे केले. का केले, हे कोणी सांगितले नाही. अर्जाला उत्तर आले की विषय विचाराधीन आहे; पुढच्या अर्जाला उत्तर आले की मागील उत्तर पाहावे. सहा डब्यांची माणसे चार डब्यांत भरू लागली. बरणीत दाबून भरलेल्या कापसासारखी माणसे भरत, आणि कापसाप्रमाणेच त्यांना आकार उरत नसे. एके सकाळी दोन प्रौढ कारकुनांनी एका जागेसाठी एकमेकांच्या पिशव्यांचे बंद तोडले, आणि त्या झटापटीत एका वृद्धेचा चष्मा खाली पडून कोणाच्या तरी टाचेखाली चुरडला. उरलेली सर्व वाट ती डोळे बारीक करून समोर पाहत उभी होती, जणू इतक्या माणसांत एखादे ओळखीचे शोधत होती. दंतोपंत तेव्हा बसलेले होते. ते पहिल्या स्थानकावर चढत, त्यामुळे त्यांना नेहमीच खिडकी मिळे, आणि आपण मिळवली नाही ती वस्तू आपली कशी, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी प्रथम पडला. दुसऱ्या दिवशी चौथ्या स्थानकावर चढून त्यांच्या समोर उभ्या राहिलेल्या या इस्त्रीवाल्या बाईंना ते म्हणाले, "पुलापर्यंत जागा माझी. पुलानंतर तुमची."

"आणि बदल्यात?" बाईंनी संशयाने विचारले होते.

"बदल्यात काही नाही."

"असं कधी असतं होय?"

"आजपासून आहे."

नदीवरचा लोखंडी पूल वाटेच्या बरोबर मध्यावर होता. चाकांचा आवाज पोकळ झाला की दंतोपंत उठले, बाई बसल्या, आणि बसताना त्यांनी जो श्वास सोडला तो ऐकून शेजारच्या बाकावरचा विमावाला ओशाळून आपोआप उभा राहिला. महिन्याभरात त्या अर्ध्या डब्याची रीतच होऊन गेली. प्रत्येक बसणाऱ्याला एक उभा जोडीदार, पुलावर अदलाबदल. आजारी असेल त्याने तोंडाने मागून सूट घ्यावी. झोपला असेल त्याला उठवावे, गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक करून, मग तो कोणीही असो. हे शेवटचे कलम दंतोपंतांचे. त्यांचे म्हणणे असे की झोपेला सूट दिली तर सगळेच झोपतील, आणि झोपेचे सोंग ओळखणारा अजून जन्माला यायचा आहे. पूल जवळ आला की ते खणखणीत आवाजात "पूल!" अशी आरोळी देत, आणि त्या आरोळीत, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानही असे. गेल्या महिन्यात रेल्वेने नंतरची गाडीही रद्द केली. तिची माणसे या गाडीत आली, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. उठबस करण्यापुरती फटही उरली नव्हती, आणि नवी माणसे जुन्यांची ती धडपड पाहून नाक मुरडत. रीत एका धाग्यावर आली होती, आणि तो धागा दंतोपंत घोरत असताना त्यांच्याच मांडीखाली होता.

तळघरात त्या दिवशी त्यांचे हात चालेनात. एका आजोबांच्या वरच्या कवळीसाठी ते मेणात दात बसवीत होते. तोंड न पाहताही साच्यावरून माणूस ओळखण्याची त्यांची विद्या होती. हा एका बाजूने चावतो, हा रात्री दात खातो, ही हसताना वरचा ओठ दाबून धरते. प्लास्टरचे पांढरे जबडे फळीवर ओळीने मांडलेले असत आणि एरवी त्यांना त्यांची सोबत वाटे. आज ते सगळे कोणत्याही क्षणी बोलू लागतील असे वाटत होते. बोलले तर काय बोलतील? बाई चौदा तास उभ्या असतात. सकाळी घरच्या ओट्यापाशी, मग गाडीत, मग वाफेच्या इस्त्रीपुढे, पुन्हा गाडीत. पुलानंतरची ती पस्तीस मिनिटे हेच त्यांचे दिवसातले बसणे, हे त्यांनीच एकदा हसत सांगितले होते, पायांवरच्या निळ्या गाठी पदराने झाकत. ती पस्तीस मिनिटे आपण झोपेत खाऊन टाकली. चोर निदान जागा तरी असतो. आणि त्यांनी आपल्याला उठवले का नाही? या प्रश्नाला दोन उत्तरे होती आणि दोन्ही त्यांना सोसवत नव्हती. एक, की डब्याच्या लेखी आपण आता म्हातारे झालो. ज्याच्याकडून कसली अपेक्षा करायची नसते, ज्याच्याजवळून पाय उचलून जायचे असते, त्या वर्गात आपली नकळत भरती झाली. दुसरे उत्तर त्याहून खोल होते, आणि त्याच्याकडे मन जाऊ लागले की ते मेण वितळवायचा दिवा उगाच मोठा करीत.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दुपारी खाली आल्या. मेणातले दात त्यांनी उजेडाकडे धरून पाहिले. "काका, हे दात रागावलेत कुणावर? आजोबांना तोंड मिटता यायचं नाही."

"चावा उंच झाला," दंतोपंत म्हणाले. "काढून पुन्हा लावतो."

"घाई नाही. बरं नाही का वाटत?"

"बरं आहे. झोप झालीय भरपूर," ते म्हणाले, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच चपापले.

ते दुसरे उत्तर म्हणजे पोस्टमन. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोस्टमन एरवी पाचव्या स्थानकावर चढे आणि पुलापर्यंत उभा राही. पण त्या सकाळी तो पहिल्या स्थानकावरच दिसला, कारण तेथील इस्पितळात त्याची आई होती. त्याला बसायला मिळाले, आणि बसताक्षणी तो झोपला. दंतोपंतांना त्याचा चेहरा अजून दिसे. मान मागे पडलेली, खालचा जबडा सुटलेला, दाढी वाढलेली, आणि ओठांच्या कोपऱ्यात अगदी लहान मुलाच्या तोंडावर असते तशी ओल. पूल आला. त्याच्या समोर उभा असलेला माणूस म्हणाला, "राहू द्या हो, मी उभा राहतो," आणि दंतोपंत म्हणाले, "आज तुम्ही राहाल, उद्या कोण राहील?" त्यांनी दोन बोटांनी टकटक केली. पोस्टमन उठेना. पुन्हा केली, जोराने. त्याने डोळे उघडले, क्षणभर दंतोपंतांकडे असे पाहिले की जणू ते कोणत्या देशाचे हे त्याला आठवत नव्हते, आणि तो उठून उभा राहिला. उरलेली वाट त्याने वरच्या दांडीला धरलेल्या हातावर कपाळ टेकवून काढली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी कळले की आई त्या टकटकीच्या दिवशीच पहाटे गेली होती. तो कचेरीत रजा मागायला निघाला होता. दंतोपंत त्याला भेटून आले. रीतीप्रमाणे चार शब्द बोलले. त्या टकटकीबद्दल मात्र एक अक्षरही बोलले नाहीत. नियम तो नियम, आपल्याला काय ठाऊक, त्याने तोंडाने मागायला हवे होते. असे तीन विचार त्यांनी तीन पायांच्या तिवईसारखे मांडले आणि त्यांवर सहा वर्षे बसून काढली. आता एक पाय लचकत होता. कारण पुलानंतर पोस्टमन रोज त्यांच्या शेजारच्याच जागेवर बसे. आजही बसला असणार. त्याने आपला उघडा जबडा पाहिला असणार.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या दोन स्टुलांपैकी एकावर बसून त्यांनी पत्नीला सगळे सांगितले, पोस्टमनचे सोडून. ती धुतलेली भांडी फडक्याने पुसून फळीवर पालथी घालीत होती. सदतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचे पुष्कळ बोलणे भांड्यांच्या आवाजात ऐकले होते आणि त्यातले कोणते ऐकण्यासारखे आहे हे तिला भांडे न थांबवता कळत असे. या वेळी तिने फडके थांबवले.

"म्हणजे लोकांनी झोपू दिलं, हे तुमचं दुःख."

"मी नियम मोडला, हे दुःख."

"ते नव्हे. तुम्हाला ना, कुणी माफ केलं की पोटात दुखतं. मी काय आज ओळखते का तुम्हाला?" तिने एक वाटी उचलली आणि ठेवून दिली. "मी माहेराहून यायची होते आणि तुम्ही स्टेशनवर यायला विसरलात. धाकटी कडेवर, मोठी हाताला, दोन पेट्या. आठवतंय?"

"तीस वर्षं झाली त्याला."

"बत्तीस. मी एका शब्दानं बोलले नाही. आणि तुम्ही काय केलंत? महिनाभर फरशी पुसत होतात. रोज! शेजारणी विचारायच्या, ह्यांना डॉक्टरनं सांगितलंय का. अहो, मला फरशी नको होती. तुम्ही एकदा 'चुकलो' म्हणून माझ्यासमोर नुसतं बसायला हवं होतंत."

"फरशी स्वच्छ झाली ना पण," दंतोपंत म्हणाले.

"झाली. आणि मी घसरून पडले," ती म्हणाली, आणि दोघेही हसले, पण हसून झाल्यावर दंतोपंतांनी मनात जो बेत केला तो फरशीचाच होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. माणसाला आपला स्वभाव आपल्या घराच्या वासासारखा असतो. दुसरा दारात आला की त्याला लगेच येतो, आपल्याला कधीच नाही.

दुसऱ्या सकाळी ते गाडीत चढले, आपल्या खिडकीच्या जागेपाशी गेले, आणि बसले नाहीत. जागेकडे पाठ करून, दांडी धरून, दारावरच्या पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. पहिल्या स्थानकावर हे विशेष कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्यावर विमावाल्याने शेजारच्या जागेवरून मान वाकडी करून विचारले, "काय दंतोपंत, सीटला खिळा आलाय का?"

"ही जागा बाईंची आहे. आजपासून सगळी वाट."

"अहो पण बाई चौथ्या स्टेशनवर चढतात!"

"तोवर रिकामी राहील."

विमावाल्याने आयुष्यभर लोकांना अघटिताच्या गोष्टी सांगितल्या होत्या, पण त्या गाडीत रिकामी जागा ही त्यालाही नवीन होती. तिसऱ्या स्थानकावर माणसे आत लोटली, दंतोपंतांच्या बरगड्यांवर कोणाचा तरी डबा येऊन टेकला, त्यांचे दुखरे गुडघे बाकाच्या कडेला दाबले गेले, आणि त्यांच्या पाठीशी ती दोन वितींची जागा भरल्या घरात देव्हारा असावा तशी मोकळी होती. बंद झालेल्या गाडीतून इकडे आलेला, मोठी बॅग पोटाशी धरलेला एक स्थूल गृहस्थ तिच्याकडे विश्वास न बसून पाहत होता. "बसू का?" त्याने विचारले. "ती रिकामी नाही," तिघेजण एकदम म्हणाले. गृहस्थाने जागेकडे पाहिले, तिघांकडे पाहिले, पुन्हा जागेकडे पाहिले. "मला तर रिकामी दिसते," तो दबक्या आवाजात म्हणाला. दंतोपंतांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या होत्या, आणि त्या थरथरीत त्यांना एक विलक्षण समाधान वाटत होते. असे उभे राहिले की हिशेब फिटतो असे वाटते. देहाने सोसले की मनाला सुटी मिळते. त्यांच्या डोळ्यांसमोर बत्तीस वर्षांपूर्वीची ती ओली फरशी एकदा चमकून गेली, पण का, याचा विचार करायला गर्दीने सवड दिली नाही.

चौथ्या स्थानकावर इस्त्रीवाल्या बाई चढल्या. गर्दीतून वाट काढत त्या नेहमीच्या ठिकाणी आल्या, दंतोपंतांना उभे पाहून थबकल्या, आणि त्यांच्या मागची जागा पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काका, बसा."

"तुम्ही बसा, बाई."

"पूल कुठं आलाय?"

"पुलाचा संबंध नाही. काल माझ्याकडून…"

"काल काय ते काल. बसा म्हणते ना."

"मी नाही बसायचा."

"मग मीही नाही."

गाडी सुटली. दोघे समोरासमोर, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर, आणि मध्ये ती जागा. डब्यात कुजबुज झाली, मग कुजबुजीचा आवाज चढला. "अहो, कुणीतरी बसा की!" "मी म्हणतो चिठ्ठ्या टाका." "दोन शहाण्यांच्या मानापानात आमच्या पायांचा भुगा!" बॅगवाला गृहस्थ कळवळून म्हणाला, "निदान बॅग तरी ठेवू द्या," आणि डबा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि दंतोपंतांच्या ध्यानात आले की त्यांचा खालचा ओठ कापतो आहे. हा राग कालचा नव्हता. हा आत्ताचा होता.

"काका, एक विचारू?" त्या म्हणाल्या, हळूच, पण आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असे. "मी काल उभी राहिले ती कुणाच्या सांगण्यावरून? माझ्या मर्जीनं राहिले. दिवसभर मी जे करते ते दुसऱ्याच्या मर्जीनं. चादर कशी घालायची, घडी किती बोटांची, पाणी कधी प्यायचं. काल एवढी एक गोष्ट मी माझ्या मनानं केली. तुम्ही झोपला होतात, तोंड उघडं होतं, माझे वडील झोपायचे तसं. मला बरं वाटलं. आणि तुम्ही आज ते माझ्या तोंडावर परत फेकायला आलात, चार लोकांत! दिलेलं परत घ्यायला मी काय दुकान उघडलंय?"

तेवढ्यात पाचवे स्थानक आले आणि पोस्टमन चढला. त्याने दोघांकडे आणि जागेकडे पाहिले, आणि न विचारताच त्याला सारे कळले असावे. चिठ्ठी न उघडता मजकूर ओळखणाऱ्यांचा त्याचा धंदा.

"तू तरी सांग रे बाबा ह्यांना," बाई म्हणाल्या.

"काय सांगू? खरं सांगू का?" पोस्टमनने खांद्यावरची थैली पुढे घेतली. "काल ह्या तुमच्या गुडघ्याला हात लावणार होत्या, मी हात धरला. म्हटलं, झोपू द्या."

"आणि मला तो हात झटकता येत होता," बाई म्हणाल्या. "झटकला नाही."

"मग मी म्हटलं, माझ्या जागेवर बसा. तर बसेनात. म्हणाल्या, तू दिवसभर चालतोस. शेवटी उरलेल्या वाटेचे आम्ही दोन भाग केले. अर्धा वेळ ह्या बसल्या, अर्धा वेळ मी. तुमच्या नियमाला पोर झालं, दंतोपंत, आणि तुम्ही झोपला होतात."

डब्यात हशा पिकला. दंतोपंत मात्र हसले नाहीत. पोस्टमनच्या तोंडाकडे पाहताना सहा वर्षे पाठीशी टाकलेले ते वाक्य आपोआप त्यांच्या जिभेवर आले. "त्या दिवशी," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, "त्या दिवशी मी तुम्हाला उठवलं."

पोस्टमनने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर धुके होते आणि धुक्यात कोणाच्या तरी परसातली कपडे वाळत घालायची दोरी, तिच्यावर काही नव्हते. "हो. उठवलंत. स्वप्न पडत होतं मला. आई होती त्यात." त्याने थैली सावरली. "मग दोन वर्षं मला तुमचं तोंड बघवत नव्हतं."

"आणि मग?"

"मग काय! तोंड रोज समोर. बघून बघून सवय झाली." त्याने खांदे उडवले. "राग कधी गेला ते कळलंच नाही. काल तुम्हाला झोपलेलं पाहिलं तेव्हा आठवलं की आपला राग गेलाय. म्हणून हात धरला. कुणीतरी एकदा पुरती झोप काढावी की या गाडीत."

दंतोपंतांच्या मनातली तिवई त्या क्षणी मोडली, आणि नवल असे की ते पडले नाहीत. गर्दीने त्यांना चारी बाजूंनी धरले होते. त्यांना वाटले, अकरा वर्षे आपण समजत होतो की आपण या माणसांना नियम दिला. प्रत्यक्षात नियम एवढासाच होता, आणि तो ज्याच्यावर तरंगत होता ते पाणी, एकमेकांसाठी उभे राहण्याची ही माया, यांचे होते. हे पाणी आपल्या आरोळीने वाहते असे आपण समजलो. डोळ्यांत काहीतरी भरून आले, ते पुसायला हात वर नेण्याएवढीही जागा नव्हती, आणि ते तसेच राहिले. समोर बाई अजून वाट पाहत होत्या. फरशी पुसून हे भागणार नव्हते.

"चुकलो," दंतोपंत म्हणाले, आणि बसले.

एवढेच. बसताना त्यांच्या तोंडून जो श्वास निघाला तो त्यांनी आवरला नाही. बाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिले, आणि आठी गेली. "आता कसं माणसासारखं बोललात," त्या म्हणाल्या. मग आवाज जरा चढवून, डब्याला ऐकू जाईल असे त्या म्हणाल्या, "आणि एक गोष्ट. झोपलेल्याला उठवायचं का झोपू द्यायचं, ते त्याच्यासमोर जो उभा असेल त्यानं ठरवायचं. नियम करणाऱ्यानं नाही, हात धरणाऱ्यानं पण नाही. पाय ज्याचे दुखणार, त्यानं. पटतंय का?"

"पटतंय," पोस्टमन म्हणाला.

"काका?"

"पटलं," दंतोपंत म्हणाले. अकरा वर्षांत प्रथमच त्या डब्यात दुसऱ्या कोणी कलम घातले होते, आणि ते त्यांच्या कलमापेक्षा चांगले होते, हे कबूल करताना त्यांना तळघरातल्या एखाद्या जुन्या, अवघड साच्यावर कवळी अचानक अलगद बसावी तसे वाटले.

चाकांचा आवाज पोकळ झाला. दंतोपंतांनी आरोळी दिली नाही. ते नुसते उठले. दिली नाही म्हणून काही अडले नाही. विमावाला उठला, त्याच्या जागी पोस्टमन बसला. पलीकडे एक शिक्षिका उठली, तिकडे दाराजवळ आणखी कोणी उठले, आणि माणसे एकमेकांच्या काखांखालून, पिशव्यांवरून, क्षमा मागत आणि शिव्या गिळत जागा बदलू लागली. बाई बसल्या. बॅगवाला गृहस्थ हे सारे तोंड उघडे टाकून पाहत होता. पूल संपता संपता त्याने विमावाल्याला विचारले, "हे रोज असतं?"

"रोज."

"म्हणजे उद्या मी कुणासमोर उभं राहायचं?"

विमावाल्याने त्याच्या बॅगेकडे, पोटाकडे आणि मग दूरवर कोपऱ्यात बसलेल्या एका किडकिडीत विद्यार्थिनीकडे पाहिले, आणि लग्न जमवणाऱ्याच्या गांभीर्याने म्हणाला, "जमवू काहीतरी. पत्रिका बघायला पाहिजे."

गाडी पुलापलीकडे गेली. दंतोपंत दांडीला धरून उभे होते. गुडघे दुखत होते. पण आता ते कोणाची फेड करीत नव्हते, नुसते गुडघे होते. खाली बाईंची मान हळूहळू कलली आणि खिडकीच्या काचेला टेकली. शेजारी पोस्टमन थैलीवर हात ठेवून झोपेच्या काठावर डुलत होता. दंतोपंतांनी त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे, हनुवट्यांकडे, सैल होत जाणाऱ्या जबड्यांकडे पाहिले, आणि प्रार्थनेचे जे शब्द त्यांनी लहानपणी पाठ केले होते ते न आठवता, आपलेच साधे शब्द त्यांच्या मनात आले: यांना झोप लागो. यांच्या पायांतली कळ निवो. जे उभे आहेत त्यांना आधाराला कोणाचा तरी खांदा सापडो, आणि जे अजून फलाटावर ताटकळत आहेत त्यांची गाडी येवो, डबे थोडे असोत वा पुष्कळ, तिच्या दाराशी त्यांना आत ओढून घेणारा एक हात असो.